कोंब न धरणारा च्याओ

२४ जुलै

उपटला नाही. का नाही, ते मलाच कळलेलं नाही.

सकाळपासून च्याओच्या शेतात खालची पिवळी पानं काढत होते. मांडीपर्यंत पाणी, हातांना फडकी गुंडाळलेली, तरी पान कापायचं तिथे कापलंच. पश्चिमेच्या बांधाशी पोचले, तर एक च्याओ बाकीच्यांच्या वर मान काढून उभा. पानं रुंद, टोकाशी वाकलेली. बुडखा चाचपला — गोल, टणक. बाकीच्यांचा आता चपटा व्हायला लागलाय, म्हणजे आत भाजीचा पांढरा कोंब फुगायला लागलाय. ह्याच्यात काही नाही.

शेजारच्या शेतातून थाओकाकूंनी पाहिलं. म्हणाल्या, नर आहे तो, उपट. नराला कोंब धरत नाही. नुसता खातो आणि उंच होतो, आमच्या घरातल्यासारखा.

दरवर्षी उपटतोच. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी शेतातलं पहिलं काम शिकवलं ते हेच — नर कसा ओळखायचा आणि मुळासकट कसा काढायचा. आज मुठीत धरला, वाकले, आणि मनात आलं: राहिला तर काय होईल? कोंब नाही, फुगणं नाही, मग एवढं खाऊन हा करतो तरी काय? कुणी कधी राहू दिलाय?

काकूंची पाठ वळली तेव्हा सोडून दिला.

२५ जुलै

मामंजींना सांगितलं नाही. तसं आमचं बोलणं होतं कितीसं! दोन वर्षांपूर्वी हे वारले, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. जेवलात का. जेवलो. वारा फिरलाय. हो, फिरलाय. झालं. डोळ्यांतला मोतीबिंदू वाढलाय, तरी अंगणात बसून बांबूच्या काड्यांचे सापळे विणतात, वाम मासे धरायचे. विकत कुणी घेत नाही. मी ते माळ्यावर रचून ठेवते.

३१ जुलै

शेतकी केंद्रातल्या नीबाई सायकलवरून आल्या होत्या, खोडकिडा बघायला. काळ्यासावळ्या, मोठ्या आवाजाच्या. मी त्यांना पश्चिमेच्या बांधाशी नेलं आणि कुणाला सांगू नका म्हटलं. त्या हसल्या. मग स्वतःच पाण्यात उतरल्या, चपला हातात घेऊन.

मी आधी भलतंच विचारलं. किती दिवस मनात होतं — पालेभाजी चार दिवस पाण्यात राहिली तर कुजते, मग हा वर्षभर चिखलात पाय रोवून कसा उभा राहतो? त्यांनी बाहेरचं एक जाड पान देठासकट सोललं, मला दिलं आणि पाण्याखाली धरून दाबायला सांगितलं. बुडबुडे! मूठभर बुडबुडे. म्हणाल्या, आत सगळे हवेचे कप्पे आहेत. पानांतून हवा घेतो आणि खाली मुळांना पोचवतो, चिखलात हवा नसते म्हणून. मग चिखलातून एक मूळ उपसून दाखवलं. सगळा गाळ काळा आणि मुळाभोवती मात्र तांबडा गंज चढल्यासारखा. मुळातून थोडी हवा बाहेर झिरपते, तेवढ्यानंच चिखलातलं लोखंड गंजतं म्हणे.

मी आयुष्यभर ह्या तांबड्या मुळांवर उभी आहे. कधी विचारलं नाही की तांबडी का.

मग नराचं विचारलं. तर नीबाई म्हणाल्या, नर-बिर काही नाही. हा एकटाच निरोगी आहे. बाकीचं सगळं शेत आजारी.

मला वाटलं थट्टा करतायत.

१ ऑगस्ट

काल पुरतं लिहिलं नाही, डोकंच चालेना.

तर ते असं. च्याओच्या आत एक बुरशी राहते. तिच्यामुळे त्याचा बुडखा फुगतो, कोंब धरतो, तो आपण सोलून भाजीला घेतो. आणि तिच्यामुळेच त्याला फूल येत नाही. रोप लावताना आपण जुन्याच बेटाचे तुकडे करून लावतो, म्हणून बुरशीही पिढ्यान्‌पिढ्या सोबत चालत येते. एखाद्याला ती सोडून जाते. तो मग उंच वाढतो आणि आपण त्याला निकामी म्हणून उपटतो.

म्हणजे आम्ही आजार लावतो, आजार राखतो, आजार खातो. आणि चवीनं खातो!

बरा झाला तर काय करेल, विचारलं. नीबाई म्हणाल्या, फुलेल. दाणे धरेल. फार जुन्या काळी ह्याचा दाणाच खायचे लोक, राजाच्या ताटात असायचा. कोंब नंतर आला. दाणा त्यांनीही पाहिलेला नाही. सायकलवर बसता बसता म्हणाल्या, फुलला तर मला बोलवा हं, विसरू नका.

८ ऑगस्ट

बाजारातून लवकरचे दोन कोंब आणले. आडवा कापून उजेडात धरला. पांढऱ्यात बारीक काळे ठिपके — तीच ती. मामंजींनी विचारलं, नासका निघाला का? नाही म्हटलं. मग अशी शांत का बसलीस, म्हणाले.

शांत आहे हे त्यांना दिसत नाही, ऐकू येतं.

डुकराच्या मांसाच्या काड्या घालून परतला. छान झाला होता. आजारी असो नाहीतर काही असो.

१९ ऑगस्ट

काकूंना कळलं. लपणार कसा, माझ्यापेक्षा हातभर उंच झालाय.

बांधावर उभ्या राहून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं बोलल्या. ह्याची मुळं बांधाखालून माझ्या शेतात येतील. माझं सगळं पीक नर होईल. मग मी काय विकू, पानं? मी म्हटलं, मुळं इकडे आली तर मी स्वतः काढून देईन. त्यावर म्हणाल्या, "सत्तावीस वर्षांची तू. माहेरून तीनदा निरोप आला. कुणाच्या घरी उजळ माथ्यानं जायचं सोडून इथे नर पोसत बसलीयस."

 उत्तर घरी येऊन सुचलं, नेहमीसारखं.

अंगणातून मामंजींनी सगळं ऐकलं असणार. मी ताट ठेवलं तेव्हा म्हणाले, "कुठला नर?" सांगितलं. नीबाईंचंही सांगितलं, फुलाचं, दाण्याचं. राहिला तर काय होईल, तेही विचारलं. आता ओरडणार असं वाटलं. च्याओच्या बाबतीत फार कडक माणूस, गावातले लोक हेच सांगायचे त्यांच्याबद्दल — ह्या म्हाताऱ्याच्या शेतात नर शोधून दाखवा!

बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, राहू दे.

२० ऑगस्ट

राहू दे!

२ सप्टेंबर

फुलला. शेंड्यातून तुरा निघालाय, माझ्या हाताएवढा लांब. वरच्या फांद्या अंगाशी मिटलेल्या, खालच्या पसरलेल्या. खालच्यांना पिवळे लोंबते पुंकेसर, वरच्यांना पांढरे बारीक पिसासारखे धागे. म्हणजे बाप्ये खाली, बाया वर. आणि ह्याला आम्ही नर म्हणत होतो!

टिचकी मारली तर पिवळी धूळ पाण्यावर पसरली. बेडूक तिच्यातून पोहत गेला.

नीबाईंना चौकातल्या दुकानातून फोन केला. त्या जिल्ह्याला गेल्यात.

५ सप्टेंबर

मामंजींनी तुऱ्याबद्दल विचारलं. जेवताना नाही, आपणहून, माझ्यामागे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन. रंग कसा आहे? वरचा भाग मिटलेला आहे की उघडलाय? जेवढं बघितलं तेवढं सांगितलं. मग जे बघितलं नव्हतं ते विचारलं, म्हणून संध्याकाळी परत जाऊन बघून आले.

आज आमची मिळून किती वाक्यं झाली!

१५ सप्टेंबर

आज मामंजी शेतावर आले. हे गेल्यापासून पहिल्यांदा. माझ्या खांद्यावर हात ठेवून, काठीनं बांध ठोकत. थाओकाकू कोंब कापत होत्या, त्या कमरेत ताठ होऊन बघतच राहिल्या.

मला वाटलं त्यांना हात लावून बघायचंय. नाही. त्यांनी खिशातून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काढला आणि मला तुऱ्याभोवती पिशवीसारखा बांधायला सांगितला, वरून सैल, खालून घट्ट. हा दाणा पिकला की थांबत नाही, म्हणाले. पाखरू बसलं तरी पाण्यात पडतो. सगळा एकदम पिकतही नाही. आज चार, उद्या चार. बांधला नाहीस तर तुला काही मिळणार नाही.

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

काठी उचलली. चल, ऊन वाढलं, म्हणाले. सकाळचं ऊन, पानांवर अजून दव.

नीबाईंनी नाही पाहिला दाणा. ह्यांनी पाहिलाय. कुठे?

१७ सप्टेंबर

 मामंजी सापळे विणत नाहीत.

२३ सप्टेंबर

काकूंच्या शेतात एक नर निघाला. झालं. कोयता घेऊन आल्या. मी तिकडच्या टोकाला होते, पाण्यातून पळता येत नाही, नुसते हात हलवत राहिले. पण त्या बांधावरच थबकल्या. मामंजी तिथे बसले होते, पाण्यात पाय सोडून, तुऱ्याची पिशवी दोन्ही हातांत धरून. काकूंनी कोयता खाली केला. मग त्यांच्याजवळ बसल्या, आणि मी पोचेपर्यंत दोघं गुडघेदुखीबद्दल बोलत होते.

ठरलं असं: दाणा निघाला की हा बुंधा मुळासकट निघेल. मला मान्य. काकूंचं चूक नाही. त्यांचं पोट ह्या कोंबांवर आहे आणि माझंही.

२४ सप्टेंबर

नीबाई आल्या. भिंगातून तुरा बघत अर्धा दिवस पाण्यात. जळवा लागल्या दोन, तर म्हणाल्या लागू देत.

६ ऑक्टोबर

दाणा काढला. पिशवीत ओंजळभर. लांब, सुईसारखे, टोकाला कुसळ. मामंजींनी सांगितलं तसं फडक्यात घातलं, बरोबर फुटक्या कौलाचे तुकडे, आणि पाट्यावर चोळत राहिले. टरफल निघतं. मग फुंकर. आत काळा, चकचकीत दाणा. हाती उरलं ते लहान वाटीभर.

थोडे तांदूळ मिसळून शिजवला. वास भाजक्या चहाच्या पत्तीसारखा. खाताना आधी कडक लागतो, मग आतून गोड. काही खास नाही म्हणावं, तर पुढचा घास घ्यावासा वाटतोच. हजार वर्षांचं काय काय डोक्यात घेऊन बसले होते मी! आणि मामंजी एक घास घेऊन थांबले. तोंडात तसाच धरून. मग वाटी चाचपली आणि निम्मा भात दुसऱ्या वाटीत काढला.

उद्यासाठी ठेवताय का, विचारलं.

"आशुनसाठी," म्हणाले.

आशुन कोण? हे मी विचारलं नाही. त्यांनीच वाटी झाकली आणि उठून गेले.

७ ऑक्टोबर

आज सांगितलं. अंगणात, सकाळी, सापळा विणता विणता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, भुकेची वर्षं होती. सगळं गाव जिथे जेवायचं तो सार्वजनिक भटारखाना बंद पडलेला. तेव्हा तळ्याच्या काठाला मैलभर जंगली च्याओ होता, न फुगणारा, दाणा धरणारा. भराव घालून शेतं झाली ती नंतर. मामंजी आणि सासूबाई — ज्यांना मी पाहिलंच नाही — पहाटे होडी घेऊन त्यात शिरायचे. एकानं तुरे होडीवर वाकवायचे, दुसऱ्यानं काठीनं हलकेच झोडायचं. जोरात झोडलं तर दाणा पाण्यात. हे काम सगळ्यात चांगलं करायची ती आशुन. त्यांची मुलगी. सहा वर्षांची. हात हलका. एक दाणा बाहेर जाऊ द्यायची नाही. हे तेव्हा चार वर्षांचे, होडीच्या तळाशी झोपलेले.

ह्यांना बहीण होती. ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. ह्यांना माहीतच नव्हतं, मामंजी म्हणाले. चार वर्षांच्या पोराला काय आठवतं. विचारायचा सुरुवातीला, मग विसरला.

थंडी पडली, दाणा संपला. तळ्यावर एक कोळ्याचं कुटुंब होतं, होडीतच राहणारं. मूल नव्हतं त्यांना, पण मासे होते. मामंजींनी आशुनला त्यांच्या होडीत बसवलं. अट एकच घातली कोळ्यांनी: भेटायला यायचं नाही, नाहीतर पोर रुळणार नाही. मामंजी गेले नाहीत. सासूबाई पुढच्या पावसाळ्यात वारल्या.

काल झाकलेला भात आज आंबला. बदकांना घाल, म्हणाले. घातला.

८ ऑक्टोबर

राग आलाय. मुलगी होती म्हणून?

११ ऑक्टोबर

विचारलंच. इतके दिवस ताट आपटून ठेवत होते, त्यापेक्षा विचारलेलं बरं.

"मुलगी होती म्हणून दिलीत?"

ते म्हणाले, "चार वर्षांचं पोर कुणी घेत नव्हतं. तिला कामं येत होती, म्हणून तिला घेतलं." हातातली काडी खाली ठेवून म्हणाले, "आणि मुलगी होती म्हणूनही. खोटं कशाला बोलू."

मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की राग जाईल नाहीतर वाढेल. दोन्ही झालं नाही. त्यांच्या पायाशी बांबूच्या काड्या पसरल्या होत्या, त्या गोळा करून दिल्या.

"त्यानंतर शेतातला प्रत्येक नर मी उपटला," म्हणाले. "तुरा दिसायला नको म्हणून. लोक म्हणायचे, शेतीत पक्का."

मग ह्या वर्षी राहू दे का म्हणालात? म्हणाले, तू विचारत होतीस ना, राहिला तर काय होईल. घरात कुणी काही विचारून किती दिवस झाले होते.

१८ ऑक्टोबर

काकूंना दिलेला शब्द पाळला. बुंधा काढला. पण फेकला नाही. नीबाईंचं म्हणणं पडलं की तळ्याच्या काठाला, शेतांपासून लांब, भरावाच्या पलीकडे लावू. बेट चिखलासकट इतकं जड की मी आणि काकू दोघी मिळून होडीत ओढत होतो. काकू सबंध वाट शिव्या देत होत्या, बेटाला, मला, नीबाईंना, आणि स्वतःच्या नवऱ्याला, तो तिथे नसताना.

लावून झाल्यावर काठावर बसलो. पलीकडचा किनारा धुरकट. मी सहज विचारावं तसं विचारलं, पूर्वीचे होडीतले कोळी आता कुठे असतात? काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. माहेर त्यांचं पलीकडचं. म्हणाल्या, सरकारनं त्यांना जमिनीवर घरं दिली, श्याबांगला, कालव्याच्या तोंडाशी एक रांग आहे. मग म्हणाल्या, "आशुनला शोधतेस ना?"

त्यांना माहीत होतं! म्हातारी माणसं सगळी जाणून आहेत, म्हणाल्या. कुणी बोललं नाही, कारण प्रत्येक घरात तसलं काहीतरी होतंच.

१९ ऑक्टोबर

जिवंत असेल? तिसाची असेल. तिला दाणे झोडणं आठवत असेल? होडी कुठल्या काठावरून सुटली, ते? चिडली असेल? मला दारात उभी करेल?

माझी ती कोण, हेही आज पहिल्यांदाच मनात आलं.

२६ ऑक्टोबर

मामंजी श्याबांगला जाऊ नको म्हणतात. मी शब्द दिलाय, म्हणतात. मी म्हटलं, शब्द तुम्ही दिलात, मी नाही. मी त्या होडीत नव्हते.

मग म्हणाले, निदान काहीतरी घेऊन जा. काय नेऊ? कोंब? दाणा? म्हटलं, खाण्याचं काही नेणार नाही. त्यांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणाले.

माहेरून चौथा निरोप आलाय. कौलभट्टीवाल्या माणसाला बघायला बोलावलंय. आधी हे होऊ दे, कळवलं.

३० ऑक्टोबर

वारा. होडी सुटत नाही. मामंजींनी आज मला विचारलं, ती उंच झाली असेल का.

३ नोव्हेंबर

श्याबांग. विचारत विचारत कालव्याकडून तिसरं घर. एक बाई उंबऱ्यात बसून जाळं शिवत होती. पायांची चाहूल लागून तिनं मान वर केली. ह्यांचा चेहरा. तीच भिवई, डाव्या अंगाला किंचित वर गेलेली. दोन वर्षांत मी विसरत चालले होते तो.

कोण हवंय, तिनं विचारलं.

म्हटलं, "वन्सं, मी तुमच्या भावाची बायको."

जाळं मांडीवरून घसरलं. उचललं नाही. तळ्याकडे बघत म्हणाल्या —

"तो बोलायला लागला का? मी गेले तेव्हा अजून बोबडा होता."